दोन गल्ल्यांवरची आंबट कणीक

मी आंबट कणीक बोलतेय. हो, बरणीतली. मुरडा नाक, मुरडा. नाकं मुरडणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि तेच नंतर ताटापुढे बसून बोटं चाटतात, तेही पाहिलंय. तेव्हा तुमच्या नाकाचं मला काही अप्रूप नाही.

माझं रूप सांगण्याजोगं नाही. ना धड पातळ, ना धड घट्ट, रंग ओल्या राखेसारखा, अंगभर बुडबुडे. पण पळीभर मला पिठात घाला, भांडं उबेला ठेवा, की काही तासांत ते पीठ झाकण उचलून बाहेर डोकावतं. मग तव्यावर जी घावनं पडतात, जाळीदार, कडेला कुरकुरीत, त्यांच्यापुढे दुकानातल्या पुडीतल्या यीस्टची घावनं म्हणजे निव्वळ पुठ्ठा. हे मी गर्वाने सांगत नाही. आहे ते सांगतेय.

व्येतलुगा नदीच्या काठी स्तारी बोर नावाचं गाव आहे. तिथल्या एका घरात कापितोलिना नावाच्या बाईच्या आजीने मातीच्या वाडग्यात कुट्टूचं पीठ आणि विहिरीचं पाणी कालवलं, आणि ती विसरून गेली. मला केलं ते हवेने. पण त्या घरातल्या बायका आजवर सांगत आल्या, "आमच्या आजीने केलेली कणीक." आजीने काय केलं? वाडगा धुवायचा आळस केला. माणसाला न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायची भारी हौस.

वाडग्यातून मी काठवटीत आले. लिंडनच्या झाडाच्या लाकडाची खोलगट काठवट, आतून काळपट झालेली. ती कधी धुवायची नसते. पीठ काढून घेतलं की तळाशी नि कडांना जे चिकटून राहतं तीच मी, आणि लाकडाच्या भेगांमध्ये जी मुरलेली असते तीही मीच. वरून पीठ भुरभुरवायचं, फडकं टाकायचं, आणि भट्टीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायचं. एवढं साधं. आणि ही काठवट उंबऱ्याबाहेर द्यायची नाही, नाहीतर घराची बरकत तिच्याबरोबर जाते, असं त्या बायका मानत.

वर्षातून एकदाच ती बाहेर जायची, आणि तेही जावयाच्या घरी. इथूनच सगळं रामायण सुरू होतं, तेव्हा नीट ऐका.

मोठ्या उपासाआधी तिकडे लोण्याचा आठवडा असतो. सात दिवस घावनं, त्यांवर लोणी, आंबट साय, मासे, मध, आणि ढेकर. त्यातल्या बुधवारी सासू जावयाला जेवायला बोलावते. शुक्रवारी जावई सासूला. पण शुक्रवारच्या जेवणाची रीत अशी, की आदल्या संध्याकाळी सासूनेच आपला तवा, आपली पळी, आपलं पीठ-लोणी आणि आंबट कणकेची काठवट जावयाकडे पाठवायची. म्हणजे बाईने स्वतःचंच पीठ, स्वतःच्याच तव्यावरचं, दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन खायचं, आणि वर "काय सुंदर पाहुणचार केलात" म्हणायचं. आणि यात जर कोणी चुकलं, जावयाने बोलावलं नाही किंवा सासूने काठवट पाठवली नाही, तर तो जन्माचा अपमान. ही असली रीत फक्त दोन पायांच्या प्राण्यालाच सुचू शकते.

कापितोलिना येगोरोव्ना बाई खमकी. नवरा लवकर गेला. तिने गावभर टपाल वाटून मुलीला वाढवलं. बर्फ असो, चिखल असो, स्तारी बोरमधली एक गल्ली अशी नाही जी तिने रोज पायी तुडवली नाही. मुलीचं नाव झीना. रूपाने साधी, बोलायला गोड, आणि दोन तापट माणसांच्या मधे उभं राहायचा प्रसंग तिच्या नशिबी आला, तेव्हा ती हळूच बाजूला सरकली. त्याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

झीनाने लग्न केलं तिखोनशी. शाळेच्या बॉयलरवर कोळसा टाकणारा, दार भरून टाकील असा धिप्पाड माणूस, दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर फार. तुमच्याकडे म्हणतात ना, जावई म्हणजे दहावा ग्रह? हा ग्रह मुकाही होता. दोघांचं घर कापितोलिनाच्या घरापासून दोन गल्ल्या टाकून. सुनेने शिंकलं तर सासूला ऐकू जावं एवढ्या अंतरावर लोक तिथे नांदतात, त्यात दोन गल्ल्या म्हणजे काहीच नाही.

लग्नानंतरचा पहिला लोण्याचा आठवडा आला. तिखोनने रीतसर जाऊन सासूला शुक्रवारचं आमंत्रण दिलं. गुरुवारी संध्याकाळी कापितोलिनाने सगळं सामान घसरगाडीवर घातलं, काठवटीवर आपली जुनी शाल पांघरली, आणि स्वतः ओढत नेऊन पोचवलं. शुक्रवारी झीनाने तवा ठेवला. मी काय फुगले होते म्हणून सांगू. घावनं अशी उतरली की कापितोलिनाने कधी नव्हे तो व्होडकाचा एक पेला घेतला आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. "घोडा आहेस," म्हणाली, "पण आमचा घोडा आहेस." तिच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

आणि मग त्या घोड्याने भांडी घासायला घेतली.

तिखोनची नोकरीपूर्वीची वर्षं नौदलात गेली होती, जहाजाच्या मुदपाकखान्यात. तिथला आचारी भांड्यावर डाग दिसला की तेच भांडं याच्या डोक्यात घालायचा. तेव्हा या माणसाची सभ्यतेची सगळी कल्पना एकच, की दुसऱ्याचं भांडं परत करायचं ते लखलखीत. सासूची काठवट उचलून त्याने आत पाहिलं. काळपट लाकूड, कडांना चिकटलेलं पीठ. बिचारी थकते, तिला घासणं होत नसेल, असं मनाशी म्हणाला असेल. त्याने उकळतं पाणी ओतलं, सोडा टाकला, तारेचा ब्रश घेतला, आणि भेगाभेगांतून मला खरवडून काढलं. झीना तेव्हा आईला पोचवायला बाहेर गेली होती. चांगुलपणाच्या भरात माणूस जेवढं वाटोळं करतो तेवढं वाईटपणातही करत नाही.

काठवटीतली मी तिथेच मेले. पण झीनाने दुपारी शेवटचं अर्धी वाटी पीठ एका तुटक्या कानाच्या कपात ओतून खिडकीत ठेवलं होतं, सकाळी आणखी दोन घावनं घालू म्हणून. त्यावर बशी झाकलेली. त्या कपातली मी तेवढी वाचले. म्हणून आज तुमच्याशी बोलतेय.

पुढे काय झालं ते झीनाच्या तोंडून ऐकलेलं सांगते. शनिवारी तिखोन ती काठवट घसरगाडीवर घालून स्वतः सासूकडे गेला. नव्या लाकडासारखी पांढरी झालेली काठवट त्याने टेबलावर ठेवली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला. कापितोलिनाने फडकं काढलं, आत नाक घातलं, भेगांतून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तू हिला धुतलंस?"

"केवढी घाण होती," तो म्हणाला.

दिवसभरातल्या दहा शब्दांपैकी नेमका हा शब्द त्याला सापडला. आजीची, आईची, तिची, तीन पिढ्यांची कणीक, आणि तिला हा घाण म्हणतो. कापितोलिनाने दाराकडे बोट दाखवलं. ज्याला माझ्या घरची घाण वाटते त्याच्या घराची पायरी मी चढणार नाही, म्हणाली. सोमवारपर्यंत दुकानाच्या रांगेत सगळ्या गावाला कळलं की कापितोलिनाच्या जावयाने तिची कणीक मारली. खुनी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तेही मंगळवारी म्हणून झालं.

आता इकडचं ऐका. शनिवारी दुपारी झीनाला तो कप दिसला. तिने तो नवऱ्यापुढे धरला आणि रडायलाच लागली. तिखोनला तोवर कळलं होतं आपण काय करून बसलो ते. त्याने लोणच्याची एक बरणी घासली (घासणार नाही तर काय करणार), मला तीत ओतलं, आणि पीठ-पाणी कालवायला लागला.

कालवता येत होतं का? छे. पहिल्या आठवड्यात त्याने मला दूध घातलं. मग साखर. मग घर गरम ठेवणाऱ्या पाइपाच्या इतकं जवळ ठेवलं की मी अर्धी शिजले. मी आतून शिव्या मोजत होते. पण माणूस चिवट. महिन्याभराने मला पीठ कधी हवं, पाणी किती हवं, हे त्याला उमजलं, आणि मी पुन्हा फुगायला लागले. त्या दिवशी हा सहा फुटी माणूस स्वयंपाकघरात एकटाच हसला.

इथे कोणीही विचारेल, मग ती बरणी उचलून सासूकडे का नाही नेली? मीही तेच विचारत होते. पण आधी त्याला वाटलं, कणीक अजून कच्ची आहे, मरून गेली तर दुसऱ्यांदा तोंड काळं होईल. ती सावरली तोवर गावभर झालेली बदनामी त्याच्या कानावर आली, आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी जाणार नाही, तिने रीतीप्रमाणे काठवट पाठवावी, मी तीत तिची कणीक जिवंत घालून परत करीन, मग तिचं तोंड बघू, असा त्याने बेत केला, आणि बायकोकडून शपथ घेतली की आईला सांगायचं नाही. झीना आईकडे जायची, मागच्या दाराने, एकटी. पण सांगितलं नाही. पहिले सहा महिने शपथ होती, आणि नंतर भीती, की सहा महिने माहीत असून गप्प बसलीस असं आई म्हणेल. बघा, मूग गिळायची एकदा सवय लागली की ते पचायलाही लागतात.

दुसऱ्या वर्षीचा लोण्याचा आठवडा आला. बुधवारी सासूचं बोलावणं नाही. तिखोन म्हणाला, गुरुवारी काठवट आली की मी लगेच जाऊन आमंत्रण देतो. तिकडे कापितोलिना म्हणाली, आमंत्रण आलं की पाठवीन काठवट, रिकामी तर रिकामी. गुरुवारी संध्याकाळी तिखोनने मला दुप्पट पीठ घातलं आणि खिडकीशी उभा राहिला. तिकडे कापितोलिनाही, झीनाने नंतर सांगितलं, फाटकाकडे तोंड करून बसली होती. दोघंही वाट बघत बसली, दोघांचीही संध्याकाळ गेली, आणि मी बरणीबाहेर ओसंडून टेबलावर आले. मला पुसून काढण्यापलीकडे कोणी काही केलं नाही.

तिसऱ्या वर्षी तेच. चौथ्या वर्षी तेच. शुक्रवारी तिखोन स्वतः घावनं घालायचा आणि एरंडेल प्याल्यासारखं तोंड करून खायचा.

सगळ्यात कळस म्हणजे तो माझ्याशी बोलायला लागला. मुका माणूस, पण झीना कामावर गेली की बरणीपुढे स्टूल ओढायचा आणि सुरू. "कापितोलिना येगोरोव्ना, मला ठाऊक नव्हतं." "सासूबाई, माझ्या तोंडून शब्द चुकीचा गेला." कधी नरमाईने, कधी चिडून, कधी हात जोडून. वाक्यं काय सुरेख जुळवायचा. जे सासूला सांगायचं ते सगळं माझ्यापुढे. मी काय उत्तर देणार? एखादा बुडबुडा फोडायचे, तर त्याला वाटायचं मी मान डोलावली.

आणि मग पाचव्या वर्षीचा आठवडा लागला. मंगळवारी झीना आईकडून आली ती कोटही न काढता खुर्चीत बसली. आईने घर विकलं होतं. बयाणा घेतला होता, पुढच्या सोमवारी नवे लोक राहायला येणार. कापितोलिना उरल पर्वतापलीकडे निघाली होती, धाकट्या बहिणीकडे, अन्फीसाकडे. अन्फीसा बर्फात पडून कंबरेचं हाड मोडून बसलेली, एकटी, तिला कोणीतरी हवं होतं. झीनाने आईच्या विनवण्या केल्या. आईचं उत्तर असं, की तिकडे माझी कोणाला तरी गरज आहे, इथे ज्या गावात मला शुक्रवारी जेवायला बोलावणारं कोणी नाही तिथे मी कोणासाठी राहू?

तिखोन म्हणाला, "गुरुवारी काठवट पाठवील ती. जाता जाता तरी पाठवील."

तेव्हा झीना पहिल्यांदा पेटली. "त्या काठवटीत कोंबड्यांना दाणे घालते आई, चार वर्षं झाली. तू धुतलीस त्या दिवसापासून. कसली काठवट आणि कसलं काय. तू या बरणीपुढे बसून माफी मागतोस ना? मला सगळं ऐकू येतं, मी बहिरी नाही. बरणीने केव्हाच माफ केलं असेल तुला. आता जिची मागायची तिची जाऊन माग."

मी माफ केलेलं नव्हतं, पण मला कोण विचारतंय.

गुरुवार कोरडा गेला. शुक्रवारी सकाळी तिखोनने बॉयलरवर दुसऱ्याला उभं केलं, घरी आला, मला कोटाच्या आत छातीशी धरलं आणि निघाला. थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. त्याच्या छातीत एवढी धडधड चालली होती की माझं झाकण वाजत होतं. आणि तुम्हाला सांगते, अंतर ते केवढं? पाण्याच्या पंपापर्यंत सरळ, मग डावीकडे, की आलंच. मी कोटाच्या अंधारात नीट गरमही झाले नव्हते तोवर फाटक आलं. एवढ्यासाठी चार वर्षं? त्या क्षणी मला माणूस या जातीचीच शिसारी आली.

दार कापितोलिनाने उघडलं. मागे गाठोडी बांधलेली, भिंती उघड्या. ती वाळली होती. जावयाला पाहून तिने भुवईसुद्धा हलवली नाही.

"थंडी आहे," तिखोन म्हणाला.

"दिसतंय."

"स्टेशनची बस सोमवारी वेळेवर सुटेल की नाही कोण जाणे."

"सुटेल. नाही सुटली तर चालत जाईन. तू त्यासाठी आलास?"

ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिलेत, पण हा तर भांडं घेऊन येऊन कोटात लपवून उभा. शेवटी मीच आतून फुगले आणि झाकणाच्या कडेने त्याच्या सदऱ्यावर आले. त्याला काढावंच लागलं. त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला.

कापितोलिनाने झाकण उघडलं. वाकली. मला तिच्या श्वासाची ऊब लागली, कितीतरी काळाने. तिने बोट बुडवलं, जिभेला लावलं. तिने मला ओळखलं. आजीच्या मांडीवर बसून जी चव घेतली ती कोणी विसरतं होय?

मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "ही आमची नाही."

ऐकलंत? मी तिच्या घरची, तिच्या आजीच्या आळसातून जन्मलेली, खरवडून मेलेली आणि दुधा-साखरेच्या छळातून वाचलेली, आणि मला ती तोंडावर म्हणते, आमची नाही. मला आधी कळेचना. मग कळलं. मी तिची असेन, तर चार वर्षांचा राग कशासाठी होता? ज्या मढ्यासाठी ती रडली, गावभर बोलली, लेकीच्या दाराला पाठ करून बसली, ते मढं दोन गल्ल्यांवर रोज खाऊनपिऊन फुगत होतं. हे कबूल करायचं म्हणजे चार वर्षं पाण्यात. त्यापेक्षा मला नाकारणं सोपं. माणसं खरं ओळखतात हो, पण ते परवडत नाही त्यांना.

तिखोन उभाच. बरणीपुढे पाठ केलेली ती सगळी सुरेख वाक्यं कुठे गेली कोण जाणे. म्हणाला तो एवढंच, "मी घाण म्हणालो. तसं म्हणायला नको होतं."

कापितोलिना खिडकीकडे वळली. मग ती पाठमोरीच म्हणाली, "काय घालतोस तिला?"

"तुमच्यासारखंच. कुट्टू. आणि थोडी राय, काळ्या पावाची."

"राय कशाला? रायने आंबट होते जास्त. आमच्यात राय कधी घालत नाहीत."

"तुमची नाही म्हणालात ना?"

"तोंड बंद ठेव," ती म्हणाली आणि पदराच्या, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "त्या मोठ्या गाठोड्यात तवा आहे, गाठ सोड. आणि बोलावणार आहेस की नाही ते आधी सांग. आमंत्रणाशिवाय मी कोणाकडे जात नाही."

"बोलवायलाच आलो, सासूबाई."

झालं. सुंभ जळला तरी पीळ काही गेला नाही, पण पाय तरी हलले. तिने तवा घेतला, पळी घेतली, लोणी फडक्यात बांधलं. तिखोनच्या एका काखेत मी आणि दुसऱ्या काखेत पिठाची पिशवी. काठवट कोंबड्यांकडेच राहिली. भर दिवसा, सगळ्या गावाच्या खिडक्यांसमोरून दोघं चालत गेली, आणि टपालवाली बाई इतक्या वर्षांनी त्या दाराशी उभी राहिली.

जस्ताच्या बादलीत मला कालवलं. संध्याकाळपर्यंत मी वर आले. बादली असो की काठवट, मी माझं काम चोख करते, मला रुसायला वेळ नसतो. पहिलं घावन कापितोलिनाने खिडकीत ठेवलं, मेलेल्यांच्या नावाने, नवऱ्याच्या आणि आजीच्या. मग जेवायला बसली. चांगलं झालंय असं शेवटपर्यंत म्हणाली नाही. पण घावनामागून घावन घेत राहिली, आणि झीना तव्यापाशी उभी राहून रडत रडत पुढचं घालत राहिली.

ताटं उचलल्यावर तिखोन म्हणाला, "जाऊ नका. आमच्याकडे राहा. मागची खोली रिकामी आहे."

कापितोलिनाने हात पुसले. "अन्फीसाला शब्द दिलाय. ती पलंगावर पडून दाराकडे डोळे लावून बसलीय. तिला काय सांगू, जावयाने बोलावलं म्हणून येत नाही?" आणि मग, आवाज न चढवता, ती म्हणाली, "गेल्या वर्षी आला असतास ना तिखोन, तर पडायच्या आधी अन्फीसालाच इकडे आणलं असतं मी. घर होतं तेव्हा माझं."

गेल्या वर्षीच्या गुरुवारी मी बरणीत तयार होते, आणि तो खिडकीशी उभा होता. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तो हा.

रविवार हा क्षमेचा. त्या दिवशी तिथे प्रत्येकजण प्रत्येकापुढे वाकून म्हणतो, मला क्षमा कर, आणि समोरचा म्हणतो, देव करेल, मीही करतो. ही रीत चारही वर्षं होती. वर्षातून एक दिवस देवाने या लोकांना तोंड उघडायला आयता काढून दिलेला, आणि चारही वर्षं ही दोघं तो दिवस आपापल्या घरात दार लावून काढत होती. या वेळी दोघं वाकली. तिखोनचं कपाळ जवळपास टेबलाला लागलं. मला मात्र हसू येत होतं, आणि तेही कडू.

सोमवारी कापितोलिनाने मला अर्धं केलं. अर्धी तिखोनच्या बरणीत, अर्धी एका डब्यात, तिच्या कोटाच्या आत. "राय नको घालूस," तिने बजावलं. तो मान हलवत होता. बसपाशी गाठोडी चढवून झाल्यावर तो म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी, म्हणजे पुढच्या वर्षी, बोलावीन मी. आधीच बोलावीन."

"बोलाव रे," ती म्हणाली. "पण तवा पाठवायला आता फार लांब पडेल."

बस सुटली. झीना बसमागे पळत आली म्हणे. मी डब्यात होते, मला दिसलं नाही, पण कापितोलिनाची छाती कशी हलत होती ते मला ठाऊक आहे.

आता मी अन्फीसाच्या घरी असते, खिडकीखालच्या गरम पाइपावर. इथलं पाणी जड, पिठाला वेगळाच वास. कणीक जिथलं खाते तिथली होते. वर्षभरात मी बदलले. तिकडे राहिलेली अर्धी मी आता कशी आहे मला ठाऊक नाही. समोर आणून ठेवली तरी ओळखेन की नाही, सांगता येत नाही. तिखोन आठवड्याला फोन करतो. फोनवर तो पुन्हा तसाच, दहा शब्द. ती विचारते कणीक कशी आहे, तो म्हणतो बरी आहे.

तुम्ही वाचणारे, तुम्हाला मी काही शहाणपण शिकवणार नाही. तुम्ही शिकणार नाही, हे मला माहीत आहे. तुमच्याही दोन गल्ल्यांवर कोणीतरी असेल, आणि तुम्ही म्हणत असाल, आधी त्याने यावं. म्हणा. माझी विनंती आहे ती एवढीच, की असलं काही करायचं असेल तर मला त्यात ओढू नका, मला नुसतं पीठ-पाणी घाला नि माझ्यासमोर माफ्या मागू नका. माझ्याकडे माफ करायला तोंड नाही. ज्यांना तोंड आहे त्यांच्याकडे जा. पाय आहेत तुम्हाला, त्यांचा तुम्ही काय उपयोग करता देव जाणे.

आज गुरुवार. लोण्याच्या आठवड्यातलाच. कापितोलिना पीठ घेऊन आली. अन्फीसाने पलंगावरून विचारलं, "किती जणांचं कालवतेस?" आणि कापितोलिनाने वाटी भरता भरता हात आखडला, थोडं पीठ परत पिशवीत ओतलं, आणि म्हणाली, "दोघींचं."